गाल धरून बसलेली सभा

हॉलचं दार उघडताच नकाशेवालीने आधी माणसं मोजली. सभेला अजून अवकाश होता आणि नऊ माणसं आधीच येऊन बसली होती. कुणीच बोलत नव्हतं. याहून चांगली सभा तिने कल्पनेतसुद्धा पाहिली नव्हती.

ती पालिकेत नकाशे काढायची, म्हणून नकाशेवाली. ती ऑटिस्टिक होती, आणि ऑटिस्टिक माणसांनीच चालवलेल्या एका संघटनेची शाखा गावात काढायचं तिने मनावर घेतलं होतं. गावात पालक मंडळ होतं. तिची आईच त्याची अध्यक्ष. आमच्या मुलांना काय हवं, काय नको, हे मंडळ भाषणांतून सांगत आलं होतं. एव्हाना त्यांतल्या काही मुलांना टक्कल पडलं होतं, पण मंडळाच्या हिशेबी ती मुलंच.

"तुझ्याशिवाय सात जण आपणहून येऊ देत," आई म्हणाली होती. "शनिवारचा हॉल तुमचा. नाही आले, तर शाखा गुमान आमच्या मंडळाखाली. तुम्हालाही बोलायला देऊ की अधूनमधून."

"आमच्याबद्दल?"

"हो. पाच-पाच मिनिटं."

त्या पाच मिनिटांच्या धास्तीनेच नकाशेवालीने पत्रक लिहिलं होतं. उजेड मंद असेल. बोलायची सक्ती नाही. दारातल्या डब्यातून लाल चिठ्ठी उचलली की तुमच्याशी कुणी बोलणार नाही. आत गर्दी वाटली तर बाहेर थांबा. बोलवायला कुणी येणार नाही, कारण बोलवणं हाही दबावच. असं हे पत्रक तिने स्वतः गावभर चिकटवलं आणि एक हॉलच्या दारावर डकवलं.

नऊच्या नऊ जणांच्या हातात लाल चिठ्ठी होती.

"अगं," मागच्या खुर्चीवरून आई कुजबुजली, "हे सगळे गाल धरून का बसलेत?"

"सवय असेल. मी नाही का पेन्सिल फिरवत?"

"अगं, पण झाडून सगळे?"

याचं मात्र नकाशेवालीलाही नवल वाटत होतं. एक गृहस्थ दर थोड्या वेळाने ओठावर बोट आपटून तो जागेवर आहे ना, याची खात्री करून घेत होते. एक बाई डोळे मिटून तोंडाचा एक कोपरा रुमालाने टिपत होत्या. विचारावं, तर चिठ्ठी लाल. शेवटी तिनेही सौजन्य म्हणून आपला हात गालावर ठेवला आणि सभेला सुरुवात केली.

"गावात शाखा काढावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

रुमालवाल्या बाईंनी हात वर केला आणि खुणेने विचारलं, बेसिन कुठे आहे?

तेवढ्यात पांढरा कोट घातलेल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. "अक्कलदाढ कोण? चला, बधिर झालं असेल आता!"

ओठ तपासणारे गृहस्थ उठले आणि निमूटपणे त्यांच्या मागे गेले.

समोर दातांचा दवाखाना होता. तिथल्या बसायच्या खोलीला रंग लावणं चाललं होतं, म्हणून सुई दिलेले पेशंट कोटवाल्या बाई इकडे पाठवत होत्या. "दारावर वाचलं ना मी! उजेड मंद, बोलायची सक्ती नाही. म्हटलं, आमच्या पेशंटचा इतका विचार केला तरी कुणी!"

"म्हणजे हाती शून्य," आई म्हणाली. तिने ते हळू म्हटलं, आणि तेच नकाशेवालीला जास्त लागलं. ती तडक जिन्याकडे निघाली. आई मागोमाग.

जिन्यावर माणसं बसली होती. एकेका पायरीवर एकेक, भिंतीला पाठ लावून.

"तुम्ही सभेला आलात?"

"कधीचे," वरच्या पायरीवरचा लिफ्ट दुरुस्त करणारा म्हणाला. "आत गर्दी होती. बाहेर थांबा, असं लिहिलंय तुम्ही."

"मग सांगायचं ना कुणीतरी!"

"सांगा, असं नाही लिहिलंय."

आईने पायऱ्यांवरून बोट फिरवलं. "सहा. एक कमी गं बाळ."

बाळ चौतीस वर्षांचं होतं आणि त्याचा चेहरा पडला.

इतक्यात हातमोजे घातलेले दातांचे डॉक्टर पेशंट शोधत बाहेर आले. जिन्याकडे पाहून थबकले.

"हीच का ती सभा? पत्रक वाचलं होतं मी. आलोही असतो, पण शनिवारी पेशंट असतात."

"तुम्ही?" आई चाट पडली. "अहो डॉक्टर, तुम्ही तर दिवसभर माणसांत असता!"

"त्यांच्या तोंडात माझी हत्यारं असतात. बोलू शकत नाहीत. म्हणून तर हा धंदा धरला." आणि ते रिकाम्या पायरीवर बसले.

आई शब्दाची पक्की. तिने पर्समधून हॉलची किल्ली काढली, लेकीच्या हातावर ठेवली आणि पाठ फिरवून आत गेली.

"चला," नकाशेवाली म्हणाली, "आता हॉल आपला."

"हॉल नको," लिफ्टवाला म्हणाला. "तिथली ट्यूबलाइट घुं घुं करते. इथे पाठीला भिंत आहे आणि समोर कुणाचं तोंड नाही."

मतदान झालं. सगळे हात वर गेले, एक मोज्यासकट. या हॉलसाठी नकाशेवाली दोन महिने घरात भांडली होती. पण आपलं आपण ठरवायचं, हेही तिचंच म्हणणं होतं. शेवटचा हात तिचा.

किल्ली परत द्यायला ती हॉलमध्ये गेली, तर आई खुर्ची ओढून पेशंटांच्या मधोमध बसली होती.

"मला ना, पोहायला शिकायचं होतं," ती सांगत होती. "आता कुणाला सांगणार? घरी विषय काढला की सगळ्यांना कामं आठवतात."

आठ माणसं गाल धरून ऐकत होती. मध्येच कुणी आपलं घोडं दामटत नव्हतं. नकाशेवाली दारातच थांबली. इतक्या वर्षांत आईला मुलांखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलताना तिने ऐकलं नव्हतं.

कोटवाल्या बाई पुन्हा आल्या. "रूट कॅनाल! चला लवकर!"

रुमालवाल्या बाईंनी मान वळवली नाही. एक हात गालावर तसाच ठेवून दुसऱ्या हाताने त्यांनी खूण केली: जरा थांबा, यांचं पाण्यात उतरणं तरी होऊ द्या.