माशी शिंकत न्हाई

एखादं काम ऐनवेळी फसलं की आपण म्हणतो, कुठं माशी शिंकली कोण जाणे. खरात सरांसमोर असं म्हणायची सोय नव्हती. केदारखेड्याच्या ज्युनिअर कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. मी वाक्प्रचार शिकवत असलो आणि ते व्हरांड्यातून चालले असले, तर खिडकीशी थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि माझ्याच वर्गाला माझ्यादेखत सांगायचे, ‘‘माशी शिंकत न्हाई. तिला सर्दी होत न्हाई. सरांच्या पुस्तकात चुकलंय.’’ पोरं खूश व्हायची. परीक्षेत एका मुलीनं ‘माशी शिंकणे’चा अर्थ ‘अशक्य गोष्ट घडणे’ असा लिहिला. तिला मार्क द्यायचे की नाही, यावरून आमचा बरेच दिवस अबोला होता.

ही नव्वदनंतरची गोष्ट. सर माशी मारत नसत आणि मारू देत नसत. ‘‘आजारी माशी पाह्यली का कधी?’’ हा त्यांचा प्रश्न नव्या प्राचार्यांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना विचारून झाला होता. माशी उकिरड्यावर बसते, तिथून गुळावर येते, परत उकिरड्यावर जाते आणि ठणठणीत राहते. आपण तसं केलं तर आडवे होऊ. कारण, सर सांगायचे, किडा आपलं औषध आपल्या अंगातच तयार करतो. प्रथिनांचे बारके तुकडे असतात, ते जंतूच्या कातडीला भोकं पाडतात. परदेशात कुणी कोशातल्या पतंगाला जंतू टोचले, तर तो मरेना. उलट त्याच्या रक्तात हे औषध सापडलं. सरांनी हे औरंगाबादच्या एका मोठ्या ग्रंथालयात वाचलं आणि तिथून त्यांना नादच लागला. शनिवारी अर्ध्या दिवसाचं कॉलेज सुटलं की ते औरंगाबादची एसटी धरायचे, ते रविवारी परत यायचे.

प्रयोगशाळेत त्यांनी अळ्या पाळल्या होत्या. बरण्यांच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधलेलं असे. घाण पाण्यात बुडवलेली सुई अळीला टोचायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, हा त्यांचा उद्योग. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडले की ते दारात उभे राहून आनंदानं जाहीर करायचे, ‘‘अळी जगली.’’ मग आम्ही डबे बंद करायचो.

त्यांचा दुसरा मंत्र ‘‘कोर्स पुरा केला का?’’ हा. दोन गोळ्या घेऊन बरं वाटलं की लोक बाकीच्या फडताळात टाकतात, याचा त्यांना भयंकर राग. अर्धवट मार खाल्लेले जंतू निर्ढावतात, म्हणायचे. छडीला सोकावलेल्या पोरांसारखे, मग कशालाच भीत नाहीत. एका लग्नात त्यांनी भर मांडवात नवरीच्या बापाला गाठून विचारलं, पोरीनं कोर्स पुरा केला का? पोरीला महिन्यापूर्वी टायफॉईड झाला होता, म्हणून विचारलं. बापाला वाटलं, टायपिंगचा. तो कसनुसा होऊन म्हणाला, मधीच सोडला. सर तिथंच त्याच्यावर कडाडले, आणि वरपक्षाला वाटलं, पोरीत काहीतरी खोट आहे. ते निस्तरता निस्तरता मुहूर्त टळायची वेळ आली.

मात्र कुणी त्यांच्या बोलण्यावर भरवसा ठेवून भलतं केलं, तर ते चवताळायचे. गावातल्या एकानं बैलाच्या खांद्यावरच्या जखमेवर माश्या बसू दिल्या, माशीत औषध हाय म्हणून. सरांनी धावत जाऊन जखम धुतली, फडकं बांधलं आणि त्याला चारचौघांत झापलं.

आमची घरं शेजारी. सरांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, शुगर होती. त्यांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला होता, ती जखम भरतच नव्हती. पायाला कायम पट्टी असायची. रविवारी सर औरंगाबादहून आले की त्या ओसरीवरूनच विचारायच्या, ‘‘आलं का हो औषध?’’ सर चपला काढता काढता म्हणायचे, ‘‘येऊन राह्यलं.’’ आम्हाला ती नवराबायकोची थट्टा वाटायची. आम्हीही हसायचो.

मग पाय चिघळला. वहिनींना जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं. पू तपासला, तर औषधं लागू पडत नाहीत असं निघालं. एक झालं की दुसरं, पहिल्याहून महाग. सर घड्याळ लावून डोस द्यायला लावायचे, नर्सबाईंच्या मागं मागं फिरायचे. मी भेटायला गेलो तेव्हा न राहवून विचारलं, सर, तुमच्या त्या माश्यांच्या औषधाचं काय?

‘‘माशीचं माशीला लागू पडतं,’’ ते म्हणाले. ‘‘माणसाला चालतं का, ते अजून ठरायचंय. ते काय हिच्यावर करून पाहू?’’

शेवटी पाय काढावा लागला. तरी विष रक्तात चढलं आणि वहिनी गेल्या.

काही दिवसांनी मी त्यांच्याकडं गेलो. सरांनी स्वतः चहा केला, बिनसाखरेचा. घरात तशीच सवय होती. बशीच्या कडेवर माशी येऊन बसली. त्यांनी ती हाकलली नाही, पण तिच्याकडं पाहिलंही नाही.

‘‘कोर्स पुरा केल्ता, सर,’’ ते म्हणाले. ‘‘एक डोस चुकू दिला न्हाई. पायबी दिला. सगळं बराबर चाललं व्हतं. कुठं माशी शिंकली, कळलंच न्हाई.’’

आपण काय बोललो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या मात्र आलं. मी कपबशी उचलली आणि मोरीत नेऊन विसळायला लागलो.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा औरंगाबादला गेले. रविवारी दिवेलागणीला परतले तेव्हा मी दारातच होतो. ओसरीवर कुणी नव्हतं. सर पायरीपाशी थांबले, चपला काढल्या, आणि कुलूप काढण्याआधी हळूच म्हणाले, ‘‘येऊन राह्यलं.’’