देवरे सरांचा खोकला

आमच्या शाळेतल्या देवरे सरांचा खोकला एकदा ऐकावाच. आधी छाती भरून घेतात, मान मागे टाकतात आणि मग असे खोकतात की पत्र्यावरची कबुतरं उडतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "हवा बदलली ना, मॅडम!" उन्हाळा असो, हिवाळा असो, सरांची हवा बारा महिने बदलतच असते.

त्यांची दुसरी आणि माझी पहिली, मधे एक भिंत. मी नाशिकहून रोज स्कूटीवर त्र्यंबक रोडची धूळ खात येते, तरी कधी खोकत नाही, आणि हे गावातच राहणारे गृहस्थ दिवसभर खोकतात! मी काढा नेला, ज्येष्ठमध दिला. सरांनी सगळं आनंदाने घेतलं आणि खोकत राहिले. बरं, व्हरांड्यात खोकला नाही, जेवताना नाही. फक्त स्मार्ट बोर्ड चालू असताना!

शेवटी वैतागून मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. बोर्डावर पेंग्विन मोजायचा खेळ चालला होता. सर त्यांना 'थंडीतले बगळे' म्हणतात. बरोबर आकड्याला बोट लावलं की टाळ्या वाजतात आणि एक बाई गोड आवाजात "शाब्बास!" म्हणते. चुकलं की "ट्यँऽऽव!" एका पोराचं बोट सहा सोडून आठाकडे निघालं. सरांनी छाती भरली. बोट टेकलं, खोकला फुटला आणि ते 'ट्यँव' त्यात पार बुडालं.

"हां, परत मोज रे राजा," सर म्हणाले, जसं काही घडलंच नाही.

"अहो सर, मग आवाजच बंद करा की!"

"आवाज बंद केला तर शाबासकी पण बंद होते, मॅडम."

मग त्यांनी हळूच कपाटाकडे मान हलवली. तिथे वनिता बसली होती, दोन्ही हात फ्रॉकमध्ये लपवून. बोर्ड आला त्याच दिवशी तिचं चुकलं, मशीन ओरडलं, पोरं फिदीफिदी हसली. तेव्हापासून तिने बोर्डाला बोट लावलं नव्हतं. "ती एकदा उठली पाहिजे," सर म्हणाले. "मग माझा घसा गेला तरी चालेल."

आणि गेला की! तोही केंद्रप्रमुख साहेब बोर्ड बघायला येणार त्याच सकाळी. सर खोकायला गेले तर नुसतं फुस्स. साहेबांनी वर्गावर नजर फिरवली आणि नेमकं कपाटाकडे बोट केलं. "तू ये गं, बाळ."

सर पांढरेफटक. मी दारातून बघतेय. वनिताने सरांकडे पाहिलं. सरांनी नुसती मान डोलावली, दुसरं करणार काय! ती उठली. पुटपुटत मोजलं, फ्रॉकमधून एक हात बाहेर काढला आणि बोट नवाऐवजी दहाला टेकवलं.

खॉक्! अख्खी दुसरी एकदम खोकली. छाती भरून, मान मागे टाकून, थेट सरांसारखी. तिला हसलेली पोरं सगळ्यात जोरात. 'ट्यँव' कुठल्या कुठे गेलं. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. "अहो, साथ आलीय की काय?"

"नाय साहेब," पुढचा पोरगा म्हणाला, "हवा बदलली ना!"

वनिताला हसू फुटलं. तिने परत मोजलं आणि नवावर बोट ठेवलं. टाळ्या! "शाब्बास!" पोरांनी तर वर्ग डोक्यावर घेतला. वनिता म्हणाली, "अजून एक!" मग अजून एक, अजून एक. साहेबांचा चहा गार झाला, तरी ती बोर्ड सोडेना. मला इतका आनंद झाला की मी तिथेच डोळे पुसले.

शाळा सुटल्यावर निघताना दुसरीच्या वर्गात उजेड दिसला. देवरे वहिनी वारल्या, मुलगी पुण्यात, घरी वाट बघणारं कुणी नाही, म्हणून सर उशिरापर्यंत शाळेत थांबतात, हे ठाऊक होतं. पण ते एकटेच बगळे मोजत बसतात, हे माहीत नव्हतं. टाळ्या वाजल्या. बाई "शाब्बास!" म्हणाली. सरांनी तिला चक्क मान लवून नमस्कार केला.

पुढचं गणित आलं. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि तसंच, चष्म्याशिवाय, बोट पुढे केलं. ते चुकीच्या आकड्याकडे निघालं होतं.

मी दारातूनच छाती भरून घेतली आणि जोरात खोकले.

सर दचकून वळले. मग बसलेल्या घशाने म्हणाले, "हवा बदलली वाटतं, मॅडम."