मेन बेन

"परकी भाषा म्हणजे काय मोठं लागून गेलंय हो! चार शब्द पाठ करायचे, तोंड उघडायचं आणि लाजायचं नाही. झालं!"

नलिनीताई सामंतांनी हे जाहीर केलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात कणकेत होते आणि समोर नवरा, नंदकिशोरराव, होते. लग्न होऊन घाटकोपरला आल्यावर बाईंनी नुसती भाजीवाल्याशी भांडून गुजराती पैदा केली होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तर शेजारच्या जसुबेनच्या सासूला त्या गुजरातीतून दटावत असत!

"पण अगं, ही जर्मन आहे," ते एवढंच म्हणाले.

"मग? जर्मनीत काय भिंती बोलतात? माणसंच बोलतात ना?"

जर्मन शिकायचं कारण मात्र मोठं होतं. मुलगा विद्याधर शिकायला स्टुटगार्टला होता. मागच्या थंडीत बर्फावरून घसरून त्याचा पाय मोडला. घरी काळजी नको म्हणून पठ्ठ्यानं प्लास्टर निघेपर्यंत कळवलंच नाही! त्या सगळ्या दिवसांत त्याचं खाणंपिणं, अंघोळ, औषधं कुणी बघितली? तर घरमालकीण केसलरबाईंनी. बाई विधवा, इस्पितळात सिस्टर म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. त्याच केसलरबाई आता सहलीच्या कंपूबरोबर भारतात येणार होत्या आणि एका दुपारी खास वेळ काढून घाटकोपरला जेवायला येणार होत्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"माझ्या पोराला तिनं आईसारखं सांभाळलं," नलिनीताई म्हणाल्या, "आणि मी तिच्यासमोर मुक्यासारखी हात जोडून उभी राहू? तिच्या भाषेतच आभार मानणार!"

नंदकिशोररावांनी फोर्टच्या फुटपाथवरून एक जुनं पुस्तक आणलं. इंग्रजी वाक्य आणि खाली जर्मन वाक्य. पुस्तक प्रवाशांसाठी होतं. त्यात हॉटेल होतं, स्टेशन होतं, कस्टम होतं, डॉक्टर होता. 'माझ्या मुलाला सांभाळलंत' हे वाक्य कुठेच नव्हतं. कारण प्रवासाला निघालेला माणूस असं कुणाला कशाला म्हणेल?

उच्चारांची बाईंना चिंता नव्हती. जर्मन जशी लिहितात तशीच वाचतात, असं विद्याधर एकदा बोलून गेला होता. झालं! बाईंनी स्वतःच्या मनानं वाचायला सुरुवात केली. सकाळी दूध तापवताना त्या मोठ्यानं म्हणत, "हाबेन साय एन झिमर फ्रे?"

"साय? आज नाही आली का चांगली?" नंदकिशोरराव पेपरातून डोकं काढत.

"दुधावरची नाही हो! साय म्हणजे तुम्ही. तुमच्याकडे खोली रिकामी आहे का, असं विचारतेय."

"आपल्याकडे? एवढ्याशा जागेत?"

आभाराचा शब्द तर फारच गाजला. त्याचं बाईंनी केलं होतं 'व्हायलेन डंक'. जिन्यावरून तो घोष ऐकून खालच्या मजल्यावरच्या शकुवहिनी धावत वर आल्या होत्या. "कुणाला डंख केला? विंचू आहे की गांधीलमाशी?"

पण बाई डगमगल्या नाहीत. पुस्तक संपलं. हॉटेल पाठ, स्टेशन पाठ, डॉक्टर तर उलटासुलटा पाठ!

आणि केसलरबाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, टॅक्सीतल्या उन्हानं टोमॅटोसारख्या लाल झालेल्या. हातात बिस्किटांचा डबा. दारातच त्यांनी हात जोडून "नमस्ते" म्हटलं. नलिनीताईंनी छाती भरून श्वास घेतला आणि फेकलं, "गुटेन टॅग!"

केसलरबाई गोड हसल्या. मान हलवली. पुन्हा "नमस्ते" म्हणाल्या.

"बघा, कळलं!" नलिनीताई नवऱ्याच्या कानात कुजबुजल्या.

यानंतर बाईंनी प्रवास चांगला झाला ना, या अर्थानं एक स्टेशनातलं वाक्य टाकलं. केसलरबाई हसल्या. बसा, या अर्थानं हॉटेलातलं टाकलं. केसलरबाई उभ्याउभ्याच हसल्या. हळूहळू त्या हसण्यात घाबरटपणा मिसळू लागला. डबा त्यांनी छातीशी घट्ट धरला. खोलीत अशी शांतता पसरली की आतल्या गॅसवरचा मसालेभात शिजताना ऐकू येत होता.

"मी आइस्क्रीम घेऊन येतो," असं म्हणून नंदकिशोरराव सरळ पळाले.

आता नलिनीताई एकट्या. त्यांनी ठरवलं, आत्ताच! मुख्य गोष्ट बोलून टाकायची. पण पोराच्या पायाचं वाक्य आणायचं कुठून? डॉक्टरच्या धड्यात एक जवळचं होतं: माझा पाय दुखतो. म्हणजे 'माइन बाइन' वगैरे काहीतरी. पण ते बाईंच्या वाचनात 'मेन बेन टट वेह' असं झालं होतं. वाक्य आपण म्हणू आणि पोराचा पाय हे हातानं दाखवू, असा त्यांनी बेत केला. भिंतीवरच्या विद्याधरच्या फोटोकडे त्यांनी बोट केलं. मग स्वतःची नडगी धरली. मग पाय मोडला तेव्हा पोराचं तोंड कसं झालं असेल, तसं तोंड केलं. आणि कळवळून ओरडल्या, "मेन बेन! मेन बेन टट वेह!"

केसलरबाईंच्या हातातला डबा गळून पडला. नडगी धरलेली, तोंड वेडंवाकडं, डोळ्यांत पाणी! सिस्टरला आणखी काय लागतं? मघाची घाबरलेली पाहुणी कुठल्या कुठे गेली. त्यांनी नलिनीताईंना दोन्ही खांद्यांना धरून सोफ्यावर आडवं केलं, पाय उशीवर घेतला आणि घोट्यापासून दाबून बघायला लागल्या.

"नेन! नेन!" नलिनीताई ओरडल्या. त्यांच्या मते हे 'नाही, नाही' होतं. पण असला 'नाही' जर्मनीत कुणी म्हणत नाही. केसलरबाईंना वाटलं, दुखणं वाढलं! त्या तडक स्वयंपाकघरात घुसल्या आणि लाटणं, उलथनं आणि दोन नॅपकिन घेऊन आल्या.

तेवढ्यात जसुबेन दारात. "शुं थयुं? मेन बेन, मेन बेन करून कोण बोलावतंय? मेन बेन तर मीच ना बिल्डिंगमध्ये!" महिला मंडळाच्या त्या अध्यक्षा होत्या. मग त्यांची नजर सोफ्यावर गेली. एक गोरी बाई नलिनीबेनच्या पायाला लाटणं बांधत होती!

"हाय हाय! नलिनीबेन, पडलात?"

"नाही हो! मला काही झालेलं नाही!"

"असंच बोलते बिचारी, पाहुणे आले म्हणून!" असं म्हणत जसुबेन फोन करायला धावल्या. फोन अख्ख्या मजल्यावर त्यांच्याकडेच होता. एक फोन डॉक्टर पेडणेकरांना. तो करता करता जिन्यातल्या सगळ्यांना बातमी. शकुवहिनी हळद-तुरटीचा लेप घेऊन आल्या. कुणी म्हणालं पाय मोडला, कुणी म्हणालं दोन्ही मोडले!

नंदकिशोरराव आइस्क्रीमची वीट घेऊन आले, तर दाराबाहेर चपलांचा ढीग. गर्दीतून ते आत शिरतात तो केसलरबाईंनी त्यांच्या हातातली वीट हिसकली, गारवा चाचपून पसंतीची मान हलवली आणि सरळ नलिनीताईंच्या नडगीवर दाबून धरली.

"अहो, ते पिस्ता आहे!" नंदकिशोरराव हताशपणे म्हणाले.

डॉक्टर पेडणेकर आले. वाकून म्हणाले, "काय झालं, वहिनी?"

"काहीच नाही," नलिनीताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "मी जर्मन बोलले."

"मग उठा की!"

नलिनीताई उठणारच होत्या. पण त्यांनी केसलरबाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा उजळला होता. बाह्या वर सरलेल्या, केस विस्कटलेले. ही बाई आता पाहुणी राहिली नव्हती, तिला करायला काहीतरी मिळालं होतं. सगळ्यांसमोर हे लाटणं सोडून उभं राहिलं तर तिचं तोंड केवढंसं होईल!

"डॉक्टर," नलिनीताई हळूच म्हणाल्या, "थोडासा मुरगळलाय म्हणा ना."

डॉक्टरांनी मोठ्यानं मुरगळल्याचं निदान केलं, लाटण्याच्या बांधणीची तोंड भरून तारीफ केली आणि हसू दाबत जिना उतरले. गर्दी पांगली. मग केसलरबाईंनी स्वतःच मसालेभात वाढून आणला, सोफ्याशी स्टूल ओढलं आणि नलिनीताईंना चमच्यानं भरवायला लागल्या. घास चावायच्या आधी पुढचा तयार! पाण्याचा पेला तोंडाशी धरताना दुसरा हात हनुवटीखाली.

नलिनीताईंची नजर भिंतीवरच्या विद्याधरच्या फोटोकडे गेली. असंच भरवलं असेल हिनं त्याला. असाच हात धरला असेल हनुवटीखाली.

पुस्तकातलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही. केसलरबाईंचा हात धरून त्या मराठीतच बोलायला लागल्या, "मी नव्हते हो तिथं. तुम्ही होतात. माझं पोर तुम्ही उभं केलंत." केसलरबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि जर्मनमध्ये बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या. दोघींचेही डोळे भरून आले. नंदकिशोरराव मधे उभे राहून इकडून तिकडे बघत होते. वितळलेलं पिस्ता आइस्क्रीम त्यांनी मुकाट्यानं वाटीत ओतलं.

पुढच्या रविवारी जसुबेनकडे विद्याधरचा ट्रंककॉल आला. नलिनीताई धावत गेल्या.

"आई, पाय कसा आहे?"

"बराय रे आता," नलिनीताईंना खोटं बोलावंच लागलं. "केसलरबाई काय म्हणाल्या?"

"भयंकर खूश! सगळ्या गल्लीला सांगतायत, पाय एवढा दुखत असून त्या माउलीनं माझ्यासाठी रांधलं!"

"आणि," नलिनीताईंनी आवाज मुद्दाम सहज ठेवला, "माझ्या जर्मनबद्दल काही म्हणाल्या?"

"जर्मन? कुठलं जर्मन? आई, त्या म्हणत होत्या, तू अख्खी दुपार त्यांच्याशी मराठीतच बोलत होतीस! पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर कळलं नाही, पण ऐकायला फार गोड भाषा आहे म्हणाल्या. आई? हॅलो? आई, ऐकतेयस ना?"

नलिनीताई घरी आल्या. नंदकिशोररावांनी पेपर खाली केला. "काय गं, काय म्हणाल्या तुझ्या जर्मनला?"

नलिनीताईंनी पदर खोचला आणि तडक स्वयंपाकघराकडे वळल्या.

"फार गोड वाटलं म्हणाल्या!"