विद्यानगरला लागलेलं जहाज

हैदराबादला समुद्र नाही, ही हिम्मतरावांच्या मते समुद्राची अडचण होती, त्यांची नव्हे! गरीब देशांतून येणाऱ्या बंदर-आरोग्य अधिकाऱ्यांना जहाज कसं तपासायचं, हे ते नऊ वर्षं फळ्यावर खडूनं जहाज काढून शिकवत होते. पण बाजार खुला झाला, जहाजं वाढली, त्र्याण्णव साल उजाडलं आणि संस्थेच्या संचालिका सत्यवती मॅडम म्हणाल्या, "कोर्स विशाखापट्टणमला हलवावा म्हणते. शनिवारी तुमचं प्रात्यक्षिक बघते, मग ठरवू."

कोर्स गेला की हिम्मतरावांची बदली आलीच.

"मला नक्को तुमचं ते विशाखापट्टणम," त्यांच्या पत्नी भाग्यलक्ष्मीबाईंनी बजावलं. "हे घर सोडून मी हलायची नाही. काय करायचं ते करा."

मग काय, हिम्मतरावांनी विद्यानगरच्या त्या घराचंच जहाज केलं! नळ दिवसाआड, म्हणून भरून ठेवलेला ड्रम ही जहाजाची टाकी. जहाजावर उंदीर चढू नयेत म्हणून दोराला पत्र्याच्या चकत्या लावतात. ती चकती म्हणून बाईंची लग्नातली परात मधोमध भोक पाडून कपड्यांच्या दोरीत ओवली गेली. बाई दोन दिवस धुसफुसत होत्या.

शनिवारी मॅडम आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या, खुर्चीत ऐसपैस बसल्या. कोर्सला टांझानियाहून आलेल्या नीमानं तपासणी सुरू केली. ड्रममध्ये बॅटरी मारली आणि ती थबकली.

"सर, डासांच्या अळ्या. जिवंत आहेत."

"असतील दोन-चार," हिम्मतराव पुटपुटले.

"पिठाच्या डब्यामागे उंदराच्या लेंड्याही आहेत. जहाज अडवावं लागेल. कुणी उतरायचं नाही."

मॅडमना चारला सचिवालयात मीटिंग होती. त्या उठल्या, तर नीमा दारात आडवी. "आपण याच टाकीतलं पाणी प्यायलात. सर शिकवतात, कॅप्टन असो की मंत्री, ऐकायचं नाही."

मॅडमनी हिम्मतरावांकडे डोळे वटारून पाहिलं. पण नऊ वर्षं जे शिकवलं, ते आज कुठल्या तोंडानं फिरवायचं?

"मॅडम," ते कसेबसे म्हणाले, "ती बरोबर आहे."

ड्रम उपसून, घासून, डबे हलवून, कागद भरून होईतो दीड तास गेला. मीटिंग तर बुडालीच. मग नीमानं दार सोडलं आणि मॅडम उंबऱ्यात थांबल्या.

"कोर्स इथंच राहील, हिम्मतराव. इतकं अस्सल घाणेरडं जहाज विशाखापट्टणमला शोधूनही मिळायचं नाही. यापुढं प्रत्येक बॅच इथंच आणा."

हिम्मतरावांना आभाळ ठेंगणं झालं! पेढे आणायला ते चपला शोधू लागले, तेवढ्यात आतून भाग्यलक्ष्मीबाई ट्रंक ओढत बाहेर आल्या.

"अहो, विशाखापट्टणमची गाडी नामपल्ली स्टेशनहून किती वाजता सुटते?"