सहीवाचून अडलेली बंदूक

मेल्यानंतर पाचव्या दिवशी गुलाब ऐवळे बंदुकीची तक्रार घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेला, तेव्हा सोळा नंबरचं टोकन चालू होतं आणि त्याला तेवीस मिळालं.

गुलाब बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बजरंगराव मामांच्या थोरल्या भाच्याची वरात ऐन रंगात आली असताना मामांनी खुशीत येऊन नवी कोरी बंदूक आभाळाकडे धरली आणि चाप ओढला. आभाळ राहिलं बाजूला, गोळी गुलाबच्या बरगडीत शिरली. वरात काही थांबली नाही. बँडवाल्यांना फक्त क्लॅरिनेट नसलेलं गाणं घ्यायला सांगितलं. मेल्याचं एक वेळ गुलाबनं सोसलं असतं, पण ते गाणं बदललेलं त्याला जाम झोंबलं होतं.

काउंटरवर हेंद्रेबाई होत्या.

"खरेदी तुमची का, काका?"

"नाही. गोळी माझ्याकडं आहे."

"म्हणजे लाभार्थी," बाईंनी लिहून घेतलं. "तक्रार?"

"मी मेलो."

बाईंनी वॉरंटी कार्ड उलगडलं. "लेखी हमी आहे. चाप ओढला की गोळी सुटेल. सुटली?"

"सुटली."

"लागली की काम होईल. झालं?"

"झालं की! दिसत नाही का?"

"मग बिघाड कुठाय? मागच्या आठवड्यात एक गृहस्थ गोळी लागूनही वाचले. ज्यांनी झाडली त्यांना आम्ही त्याच दिवशी बंदूक बदलून दिली. कंपनी शब्दाला पक्की आहे."

"अहो, मामांनी वर धरली होती!"

"दिशेची हमी नसते, काका. दिशा ग्राहकाची."

गुलाबचं रक्त उसळायचंच, पण ते सगळं रस्त्यावर सांडलं होतं. नुसत्या आवाजानंच तो तापला. "मिक्सरनं बोट कापलं तर मिक्सरवाला चार शब्द ऐकून घेतो. आणि तुम्ही मला सांगता, काम चोख झालं?"

"मिक्सरचं ते काम नाही ना," बाई समजुतीनं म्हणाल्या. मग त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "आलाच आहात तर सही करून जा. पहिला माणूस गेला की पहिली सर्व्हिसिंग फुकट असते. मामांनी बंदूक टाकली आहे. परत द्यायला दोन सह्या लागतात, झाडणाऱ्याची आणि लागलेल्याची. मालानं समाधानकारक काम केलं, एवढंच लिहिलंय."

सोफ्यावर चहा पीत बसलेले बजरंगराव मामा लगबगीनं उठले.

"गुलब्या! बरं झालं, तूच आलास. टाक सही. परवा रविवारी धाकट्याची वरात आहे."

"बँड कुणाचा?"

"तुमचाच की रं! क्लॅरिनेटला तुझा भाऊ हाय. मान दिलाय घराला."

"मग बंदुकीशिवाय काढा वरात."

"आन् लोकं काय म्हणतील? लगीन हाय का बारावं?"

"बारावं माझं आहे, मामा, पुढच्या शुक्रवारी. तिथं दाखवाल का तोंड?"

मामांनी कपातल्या चहाकडं बघितलं.

"नुसती सही तर करायची," ते पुटपुटले. "तुझं आता जायचंय काय?"

"भाऊ जायचाय," गुलाब म्हणाला आणि त्यानं पेन टेबलावर आपटलं.

"हरकत नाही," हेंद्रेबाई म्हणाल्या. "सही होईपर्यंत बंदूक कपाटात राहील. तुम्ही मात्र रोज दहा ते साडेपाच हजर पाहिजे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. एक दिवस चुकलात तर संमती धरली जाईल."

"जेवायची सुट्टी?"

"मेलेल्यांना नसते."

गुलाब समोरच्या बाकावर बसला. मामांनी आरडाओरडा केला, दोन पुढाऱ्यांना फोन लावले, शेवटी हातही जोडले. गुलाबनं मान वळवली नाही.

रविवारी वरात फटाक्यांवर भागली. भाऊ पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवत राहिला, मग घरी गेला आणि चार भाकरी खाऊन घोरत पडला.

सोमवारी दहा वाजता गुलाब हजर होता. साडेअकराला अंगावर हळदीची साडी असलेली एक बाई आली. दिराचा मित्र गच्चीवर बंदूक पुसून दाखवत होता म्हणे. तिच्या हातात तसलाच कागद होता.

"सही कुठं करायची असते?" तिनं विचारलं.

"करायची नसते," गुलाब म्हणाला आणि बाकावर जरा सरकला.

हेंद्रेबाईंनी तिचं नाव हजेरीत चढवलं आणि मुख्य कार्यालयाला आणखी सहा बाकांची मागणी पाठवली.