ना तारेचा, ना तेलाचा

"आई, खाली उतर! चार्जिंगच होत नाहीये!" थोरला ओरडला.

"चार्जिंगचं राहू दे, आधी खाली बघ. तळं साचलंय तळं!" धाकटा त्याच्याहून वरच्या पट्टीत ओरडला.

आई उतरली नाही. डोक्याला रुमाल घट्ट बांधून ती शेडमधल्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरच्या सीटवर ठाण मांडून बसली होती. दुपारी गावाबाहेरच्या मैदानात जुन्या ट्रॅक्टरांचा मेळावा होता. मैदानाला एक फेरी मारायची, बस्स. चालकाच्या जागी आईनं स्वतःचं नाव दिलं होतं. हा ट्रॅक्टर घरात आला तेव्हापासून तिला तो चालवायचा होता. नवरा होता तोवर त्यानं स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, आणि तो गेल्यावर ट्रॅक्टरनंच असहकार पुकारला.

त्या असहकारामागे घरातली वाटणी होती. वडील गेल्यावर एका पान्यावरून दोघा भावांची अशी जुंपली, की शेवटी ट्रॅक्टरची खाती पाडावी लागली. तारेतून जे वाहतं ते थोरल्याचं, नळीतून जे वाहतं ते धाकट्याचं. बॅटरी, डायनामो आणि डायनामो फिरवणारा बेल्ट थोरल्याकडे. तेल, पाणी, डिझेल धाकट्याकडे. दुसऱ्याच्या खात्यात बोट घालायचं नाही. हा नियम दोघांनी इतका कडक पाळला, की त्याच्या निम्म्यानं ट्रॅक्टर सांभाळला असता तरी चाललं असतं.

आईचं शिक्षणही खात्यानुसारच झालं. चालू कसा करायचा हे थोरल्यानं शिकवलं, कारण स्टार्टर विजेचा. क्लच आणि गिअर धाकट्यानं शिकवले, कारण गिअरपेटीत तेल. तेही शेडमध्ये, बंद ट्रॅक्टरवर.

"बॅटरी नवी, डायनामोचं वायंडिंग नव्यानं भरून आणलेलं," थोरला कपाळ पुसत म्हणाला. "बेल्ट तर रोज ताणतोय मी. तरी काटा शून्यावर! या गळतीनंच काहीतरी घोळ होत असणार."

"माझ्या गळतीला नावं ठेवू नकोस हं, दादा. रोज पाणी भरतोय मी. तुझ्या हादऱ्यांनी सांडत असेल."

"गप्प बसा!" आईनं हॉर्न दाबला. तो वाजला नाही, म्हणून ती आणखी भडकली. "आज खाती बदला. थोरल्या, तू गळती शोध. धाकट्या, तू चार्जिंग बघ. बारा वाजता हा मैदानात पाहिजे. नाहीतर उद्यापासून दोघांच्या चुलीही वेगळ्या."

मग काय विचारता! भावाची चूक शोधायची अधिकृत परवानगी मिळालेली. स्वतःच्या खात्यात वर्षभर जो उत्साह दिसला नव्हता तो दोघांच्या अंगात संचारला. थोरला टॉर्च घेऊन इंजिनच्या पंख्यामागे घुसला आणि लगेच आनंदानं किंचाळला, "सापडलं! पाण्याचा पंप गळतोय! बेअरिंगच खिळखिळं झालंय. होणारच! याच्यावरून जाणारा बेल्ट बघ केवढा ताणलाय, बोटानं दाबला तर जरासुद्धा दबत नाही. कुठल्या गाढवानं..."

तो मध्येच थांबला.

"बोल की दादा, कुठल्या गाढवानं?" धाकटा खुशीत पुढे सरसावला. त्यानं बेल्टवरून बोट फिरवलं आणि ते नाचवत म्हणाला, "आणि चार्जिंग का होत नाही ते मी सांगतो. बेल्ट ओलाचिंब आहे! नुसता घसरतोय, डायनामो फिरणार कसा? एवढं पाणी गळू देणारा निष्काळजी माणूस..."

तोही थांबला.

थोरला बेल्ट ताणायचा म्हणून धाकट्याचा पंप गळायचा, पंप गळायचा म्हणून बेल्ट भिजून घसरायचा, आणि घसरायचा म्हणून थोरला तो आणखी ताणायचा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला गेलेल्या दोघांच्या हाती स्वतःचंच मुसळ आलं होतं.

"नवा पंप पेटीत पडलाय माझ्या," धाकटा हळूच म्हणाला. "पण बसवायचा तर बेल्ट काढावा लागतो. म्हटलं, तुझं खातं."

"नवा बेल्ट माझ्याकडेही आहे," थोरला त्याच्याकडे न बघता म्हणाला. "पण तो पंपावरूनच जातो ना."

आईनं कपाळावर हात मारला आणि पान्याची पेटी पायानं दोघांच्या मध्ये सरकवली.

त्यानंतर दोघं एकाच पान्यानं असे भिडले, की बघणाऱ्याला वाटावं यांचं कधी भांडण झालंच नव्हतं. पंप बसला, बेल्ट बसला, खालची जमीन कोरडी राहिली. आईनं स्टार्टर दाबला. धडधडधड! काटा टुणकन उजवीकडे गेला आणि दोघं भाऊ लहान पोरांसारखे नाचले. थोरल्यानं भर उन्हात दिवेसुद्धा लावून पाहिले.

ट्रॅक्टर मैदानात पोचला तो थोरल्यानं चालवत. तिथं आई सीटवर बसली, गिअर टाकला आणि निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेरी पूर्ण झाली. आई थांबली नाही. तिची दुसरी फेरी सुरू झाली.

"छोट्या," थोरल्यानं धाकट्याचा दंड धरला, "तू तिला ब्रेक शिकवलास ना?"

"मी? ब्रेकला तेल कुठंय आपल्या? सळीचा आहे तो."

"पण त्याला तारही नाही!"

ब्रेक कुणाच्याच खात्यात नव्हता. दोघं बोंबलत ट्रॅक्टरमागे धावले. "आई, डावीकडचं नको, उजवीकडचं दाब! अगं, पाय! उजवा पाय!" आईनं हात हलवला आणि तिसऱ्या फेरीला वळली. लोक आता उभं राहून टाळ्या वाजवत होते. थोरल्याची चप्पल मागे राहिली, धाकट्याला दम लागला.

तिसरी फेरी संपवून आई त्यांच्यापाशी आली आणि ट्रॅक्टर अलगद, जागच्या जागी उभा केला. दोघं धापा टाकत चाकाला टेकले.

"आई, तुला ब्रेक येतो?"

"अरे, तुमचे वडील याच्याखाली झोपून दुरुस्ती करायचे, तेव्हा हा गडगडू नये म्हणून वर ब्रेकवर पाय दाबून कोण बसायचं? जन्मभर तेवढंच तर केलं मी." आईनं रुमाल सोडला आणि कपाळावरचा घाम टिपला. "म्हणून म्हटलं, आज तेवढं सोडून बाकी सगळं करू."

आणि तिनं पुन्हा गिअर टाकला.