शामरावमामाची जीभ

शामरावमामांना मी खरजेचं मलम चाटताना पाहिलं, तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि खरूज माझी होती.

मामांनी डबीत मलम भरलं, करंगळीला थोडं घेतलं, जिभेवर ठेवलं आणि आढ्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "गंधक बराबर हाये."

माझी माय घाबरून म्हणाली, "भाऊ, ते अंगाले लावाचं हाये ना?"

"अंगाले लावा नाई तं पोटात घ्या. माह्या जिभेवरून गेल्याबिगर या दवाखान्यातून काई बाहेर जात नाई."

माय त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून ते माझे मामा. किन्हीराजाच्या अलीकडचं आमचं गाव, तिथला सरकारी दवाखाना, आणि त्यात शामराव खिल्लारे कंपाउंडर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे मामा, आणि मामा म्हणजे त्यांची जीभ. खोकल्याचं औषध, जुलाबाचं औषध, डोळ्यांत घालायचे थेंब, सगळं ते चाखायचे. एकदा विहिरीत टाकायची जांभळी पूड चाखली आणि चार दिवस जांभळी जीभ घेऊन हिंडले. त्याच जिभेनं ग्रामपंचायतीच्या बैठकीत पाण्याच्या स्वच्छतेवर बोलले. हसण्यात लोकांचं लक्ष गेलं आणि ठराव मात्र पास झाला. कारंज्याला एका लग्नात कढीचा पहिला घोट घेऊन ते थेट आचाऱ्याकडे गेले. "पानी दीडपट झालं," म्हणाले. आचाऱ्यानं डाव उगारला. मामा शांतपणे म्हणाले, "जिभेले विचार बाप्पा, माह्यावर कायले रागावतं?"

"जिभेले विचार" हे त्यांचं पालुपद होतं. भांडण असो, अफवा असो, निवडणूक असो, त्यांचा सल्ला तोच. ऐकलेलं धरू नका, वाचलेलं धरू नका, चाखून पाहा.

मी मात्र वाचलेलं धरणारा. माझा बाप सभांमधून पत्रकं घरी आणायचा. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. वाशीमला कॉलेजात गेलो तोवर मी स्वतःच पत्रकं लिहीत होतो, आणि अन्याय मला दोन कोसांवरून दिसत होता.

त्या वर्षांत आमच्या गावात एक विचित्र कावीळ होती. एरवी कावीळ यायची, माणूस गळ्यात माळ घालून घ्यायचा, महिन्या-दीड महिन्यात डोळे पांढरे व्हायचे आणि श्रेय माळेला मिळायचं. पण सहा जणांची कावीळ गेलीच नाही. दोन-दोन वर्षं डोळे पिवळे, अन्नावर वासना नाही, चार पावलं चाललं की धाप. त्या सहांत माझी माय होती, आणि मामांची बायको जिजामामीही होती.

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर जीप घेऊन आले. त्यांनी सगळ्यांचं रक्त नेलं. महिन्यानं परत येऊन त्यांनी सांगितलं की हा विषाणू आहे, रक्तातून शिरतो, सुईतून शिरतो आणि यकृतात घर करून बसतो. त्यावर खात्रीचं औषध जगात कुठेच नाही. एक गोळी आहे, तिची परीक्षा चालली आहे. कागदावर अंगठे घेऊन सहा जणांना सहा बाटल्या दिल्या. बाटल्यांवर नाव नाही, फक्त नंबर. जिजामामी दोन नंबर, माझी माय पाच. बाटल्या मामांच्या कपाटात राहायच्या.

रोज सकाळी सहाही जण दवाखान्याच्या बाकावर बसायचे. मामा एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवायचे, तांब्या द्यायचे आणि नंतर म्हणायचे, "आ कर." जिभेखाली गोळी लपवली नाही ना, ते पाहायचे आणि मगच वहीत खूण करायचे. जिजामामीलाही "आ कर". मामी एवढंच म्हणायची, "इथं रोज जीभ पाह्यता, घरी भाजीत मीठ हाये का नाई, ते तरी सांगा एक डाव." मामा वहीत खूण करून पुढच्याकडे वळायचे. ड्युटीवर बायको नसते, असं त्यांचं मत होतं.

आमच्याकडे गोळी गिळत नाहीत. गुळाच्या खड्याबरोबर चावून खातात. मामांनी कितीही बजावलं तरी तुकाराम तायड्यानं एक दिवस चावलीच. तो मला पारावर म्हणाला, "माह्यी तं पिठावानी लागते. अन तुह्यी माय म्हनते, तिची कडू जहर हाये. हे कसं?"

मी वाशीमला एका प्राध्यापकांना गाठलं. ते सहज म्हणाले, "अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसती दुधाची साखर. तुलना अशीच करतात."

अशीच करतात. आजारी माणसाच्या हातावर रोज साखर ठेवायची आणि तो मरतो की जगतो ते वहीत लिहायचं. त्यात आपले मामा. मी त्याच दिवशी कारंज्याला जाऊन पत्रक छापून आणलं. मथळा होता, "आम्ही उंदीर नाही." आत लिहिलं होतं की अडाणी माणसांना फसवून त्यांचे अंगठे घेतले गेले आणि आपल्याच समाजाचा एक नोकर त्यांना मैद्याच्या गोळ्या चारतो आहे.

बाजाराच्या दिवशी वाटलं आणि घरी येऊन मायला वाचून दाखवलं. मायनं शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिवलं," ती म्हणाली. "पन मले तं सांगतलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"अंगठ्याच्या आधी शामभाऊनं दोन डाव सांगतलं. गावोगावच्या मिळून अर्ध्या बाटल्यांत दवाई, अर्ध्यांत काई नाई. कोनाले काय, ते डाक्टरलेही ठाऊक नाई. घ्याचं तं घ्या, नाई तं उठून जा."

"आणि तू बसलीस?"

"कोनीतरी बसल्याबिगर समजन कसं बाप्पा? तू छापाच्या आधी मले विचारलं असतं तं हा कागद वाचला असता."

मी तिरमिरीत दवाखान्यात गेलो. मामा एकटेच खलात काहीतरी घोटत होते. माझं पत्रक टेबलावर खलाखाली दाबलेलं होतं.

"या पत्रकवाले," ते म्हणाले. "मैद्याची गोयी लिवलं तुमी. चाखली काय?"

"नाही."

"न चाखता लिवू नये."

मला तेच हवं होतं. मी म्हणालो, "मग तुम्ही चाखा. मामीची बाटली काढा. तुमच्या जिभेला एका क्षणात कळेल, तुमच्या बायकोला औषध मिळतं आहे की साखर. आतापर्यंत चाखलीच असेल म्हणा."

मामांचा हात थांबला. मलम चाटणारा, कढी चाखून लग्नात भांडणं लावणारा हा माणूस बत्ता उचलून फडक्यानं पुसू लागला.

"त्या सहा बाटल्यांले माह्यी जीभ लागली नाई," ते म्हणाले.

"का?"

"कडू निंगाली तं चांगलं. पन गोड निंगाली तं?" त्यांनी कपाट उघडलं. दोन नंबरच्या बाटलीवर एक बोट ठेवलं, पाच नंबरच्या बाटलीवर दुसरं. दोन्ही एकाच हाताच्या बोटांत मावत होत्या. "ही तुह्या मायची. हिच्यात कडू हाये, हे तिनं साऱ्या गावाले सांगतलं. नंबराचे कागद डिंकानं लावेल हायेत. बदलाले नुसती थुंकी पुरते."

मी त्या दोन बोटांकडे पाहत राहिलो.

"जिजी रोज सकाळी माह्या तोंडाकडे पाह्यते," मामा म्हणाले. "इचारत नाई. कडू लागली का पीठ, तेही सांगत नाई. तिले ठाऊक हाये, मले समजलं तं मी चोर होईन."

मग खल बाजूला करून त्यांनी पत्रक माझ्या हातात दिलं. "घेऊन जा. छपाई चांगली हाये."

उरलेली पत्रकं मी वाटली नाहीत.

जिजामामी पुढच्या उन्हाळ्यात गेली. पोटात पाणी झालं, मग शुद्ध हरपली, आणि वाशीमला नेतानाच संपलं. तिसऱ्या दिवशी मामा दवाखान्यात हजर होते. बाकावर पाच जण बसले. मामांनी पाच जणांना "आ कर" म्हटलं.

काही महिन्यांनी नागपूरहून पाकीट आलं. मामांनी मला बोलावून घेतलं. पत्र हाती देताना म्हणाले, "वाचून दाखव. दोन नंबर सोडून."

डॉक्टरांनी लिहिलं होतं की परीक्षा थांबवली आहे. ज्यांच्या रक्तात हा विषाणू सापडला, त्यांना या गोळीनं फायदा नाही. उलट काहींना अपाय झालेला दिसतो. गोळी एकदम न तोडता हळूहळू बंद करावी. खाली यादी होती. एक नंबर, साखर. तीन नंबर, साखर. चार, साखर. पाच, माझी माय, औषध. सहा, औषध. मी मोठ्यानं वाचत गेलो आणि दोन नंबरवरून नजर पुढे नेली. पण नजर आधीच तिथे पडली होती.

दोन नंबर, औषध.

सत्य लपवणाऱ्यांवर मी आजवर किती कागद खर्च केला, ते गावाला ठाऊक आहे. मी पत्राची घडी घातली.

"तुले समजलं ना?" मामांनी विचारलं.

"हो."

"बरं. ठेव तुह्यापाशीच."

ते उठले. बाहेर एक बाई लेकरू घेऊन औषधासाठी उभी होती. मामांनी बाटलीत मिक्श्चर भरलं, हलवलं, करंगळी बुडवली. करंगळी जिभेपर्यंत नेली आणि तशीच खाली आणली. मग बाटली माझ्यापुढे धरली.

"जिजी गेल्यापासून जिभेले काई समजत नाई," ते म्हणाले. "तू चाख."

मी चाखलं. कडू होतं, गोड होतं, मला काहीच कळत नव्हतं.

"बराबर हाये, मामा," मी म्हणालो.

त्यांनी बूच लावलं आणि बाटली बाईच्या हातात दिली.